‘मॅच्युअर’ म्हणजे किती भरलेली? केळीच्या एका कापणीचं आणि एका इंग्रजी विशेषणाचं प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका गावातल्या अकरा केळी उत्पादकांनी मिळून आखाती देशात माल पाठवायचं ठरवलं. ज्या कंपनीमार्फत माल जाणार होता, तिच्याकडून दोन पानी इंग्रजी सूचना आल्या. गटातला सगळ्यांत लहान सभासद बी.एस्सी. झालेला. त्याने दोन्ही पानांचा फोटो काढला आणि फोनकडूनच मराठी करून घेतलं. तिसऱ्या ओळीचं मराठी निघालं ते असं : ‘फक्त प्रौढ, हिरवी आणि टणक बोटे कापावीत.’

तो कागद घेऊन तिघं जण रात्री जेवणं आटोपून माझ्या ओट्यावर आले. मी या पट्ट्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतोय. त्यामुळे कुणाचं बँकेचं पत्र, कुणाची विम्याची पॉलिसी, कुणाच्या दुबईला गेलेल्या पोराचा करार, असं काही ना काही माझ्याकडे येतच असतं. हा कागद वाचून मात्र पहिली पाच मिनिटं हसण्यातच गेली. मग मी मास्तरकी सुरू केली. केळीच्या इंग्रजीत घड म्हणजे बंच, फणी म्हणजे हँड आणि फणीतलं एक केळ म्हणजे फिंगर. आलेल्या तिघांतले वयस्क नाना म्हणाले, “त्यांच्याकडे हाताला बोटं, अन् आपल्याकडे केसाला फणी. ज्याचं त्याचं.”

‘बोटे’ खोडून मी ‘केळी’ केलं. ‘प्रौढ’ हा शब्दही डोळ्यांत खुपत होता. केळं प्रौढ कसं असेल? मूळ इंग्रजीत शब्द होता ‘मॅच्युअर’. मी घरातला जाडजूड शब्दकोश काढला, पहिला अर्थ पाहिला आणि समाधानाने लिहिलं : ‘फक्त पूर्ण वाढ झालेली, हिरवी आणि टणक केळी कापावीत.’

व्याकरणात खोट नव्हती आणि शब्दकोशाचा आधार होता. कागद टाइप झाला, त्याच्या अकरा प्रती निघाल्या, दोन-तीन ठिकाणी तर विहिरीवरच्या खोलीत मोटारीच्या स्टार्टरशेजारी चिकटवल्या गेल्या. नुकसान ज्या शब्दाने केलं, तो हाच. फोनच्या ‘बोटां’नी कुणाचं काही बिघडवलं नाही, कारण ती चूक कुणालाही दिसत होती. माझी चूक चांगल्या मराठीत होती.

काय घडलं

व्यवस्था अशी होती : माल कापणीला आला की शेतकऱ्याने कळवायचं, मग कंपनीची कटाईची टोळी येणार, शेतावरच फण्या सोडवून, धुऊन, खोक्यात भरून कंटेनर रवाना करणार. म्हणजे तारीख ठरवायची शेतकऱ्याने आणि ती ठरवायची त्या कागदावरून.

दिवस रमजानच्या आधीचे होते. त्या सुमारास आखातातली मागणी वाढते. इकडे थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं. केळी पिकवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो : खानदेशातल्या थंडीत घड भरायला फार वेळ घेतो आणि ऊन पडू लागलं की तोच घड पाहता पाहता फुगतो. निसवणीपासून, म्हणजे कमळ बाहेर पडल्यापासून, घड कापणीला यायला ढोबळमानाने तीन ते चार महिने लागतात. नेमके किती, ते हवामान ठरवतं. त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही.

गटातल्या सात जणांनी टोळी बोलवायला उशीर केला. त्यांना उशीर वाटत नव्हता. ‘पूर्ण वाढ’ व्हायची वाट ते पाहत होते. टोळी आली. मुकादमाने कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, काढला आणि फणीतल्या बाहेरच्या ओळीतलं मधलं केळ मोजायला सुरुवात केली. कंपनीच्या कागदात जाडीची खालची मर्यादा होती तशी वरचीही होती, दुसऱ्या पानावर, पॅकिंगच्या कोष्टकात. मी ते कोष्टक आकड्यांचं म्हणून जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याचा तिसऱ्या ओळीतल्या विशेषणाशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या सात जणांचे जवळपास एकतृतीयांश घड मर्यादेच्या वर गेले. मुकादम म्हणाला, “माल एक नंबर आहे भाऊ, पण हा जहाजात नाही चालत.” उरलेला माल गावच्या व्यापाऱ्याकडे गेला. आमच्याकडे केळीचा भाव निघतो तेव्हा नवती, पिलबाग आणि वापसी असे वेगवेगळे दर निघतात. नवी लागण ती नवती, खोडव्याचा माल तो पिलबाग आणि कुणी नाकारलेला, मागे पडलेला माल तो वापसी. निर्यातीतून उरलेला माल म्हटल्यावर व्यापाऱ्याने वापसीचाच भाव लावला. केळी तीच होती, सकाळपर्यंत नवती होती.

फार भरलेली केळी जहाजाला का चालत नाहीत, ते थोडक्यात. केळं झाडावरून तोडल्यावरही पिकतं. आंबा, पपई, चिकू याच जातीचे. पिकण्याचं काम इथिलीन नावाचा वायू करवतो आणि तो फळ स्वतःच सोडतं. घड जितका जास्त भरलेला, तितका तो पिकण्याच्या जवळ आलेला, तितके त्याचे हिरवे राहण्याचे दिवस कमी. कंटेनरमध्ये १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान ठेवून हे काम लांबणीवर टाकता येतं, पण त्याहून थंड करता येत नाही, कारण मग साल काळपट पडते. अशा बंद खोक्यांच्या भिंतीत एक फणी पिवळी पडू लागली, की तिचा वायू शेजारणींनाही पिकायला लावतो. शिवाय फार भरलेल्या केळ्याची साल पिकताना तडकते. कंपनीची वरची मर्यादा त्यासाठी होती.

कुणाला काय समजलं

मी गेलो तेव्हा नानांच्या अंगणात सगळे जमले होते. कुणी माझ्यावर चिडलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी एकेकाला विचारलं, “मॅच्युअर म्हणजे तुम्ही काय समजलात?”

इथे एक गोष्ट बाहेर आली, जी मला माहीतच नव्हती. माझा कागद पोहोचण्याच्या आधीच कंपनीच्या माणसाने गटाला फोनवर सांगितलं होतं, “माल मॅच्युअर झाला की कळवा.” म्हणजे इंग्रजी शब्द माझ्या मराठीच्या आधीच गावात येऊन बसला होता. खरं तर तो कधीचाच आलेला आहे. नाना म्हणाले, “मॅच्युअर म्हंजे मुदत भरेल. आमची विम्याची पॉलिसी मॅच्युअर झाली तं पैसे भेटले. त्याच्याआधी मोडली असती तं कापून भेटले असते. मंग केळी आधी काहून कापाची?”

बँकेने आणि विम्याने हा शब्द खेड्यापाड्यात नेला, आणि तिथे त्याचा अर्थ पक्का आहे : ठरलेली मुदत शेवटच्या दिवसापर्यंत पुरी होणं. एक दिवस आधी मोडलं तरी ते ‘प्रीमॅच्युअर’ आणि त्याला दंड. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर हा शब्द या एकाच अर्थाने ऐकला, त्याला ‘माल मॅच्युअर झाला की कळवा’ याचा अर्थ ‘घाई करू नका, पुरता भरू द्या’ असाच लागणार. वर माझा कागद ‘पूर्ण वाढ’ म्हणत होता. दोन साक्षीदार एकच खोटं बोलले की ते खरं वाटतं.

तिसरा साक्षीदार वजनाचा काटा. स्थानिक व्यापारात केळी क्विंटलवर जाते आणि शेवटच्या पंधरा दिवसांत घडाचं वजन डोळ्यांदेखत वाढतं. थांबण्यात फायदा, हे हाताच्या सवयीत मुरलेलं आहे. तेव्हा सगळा दोष शब्दाचा असं मी म्हणणार नाही. शब्दाने, ज्या बाजूला पाय आधीच घसरत होता त्या बाजूला धक्का दिला.

ज्या चौघांचा माल बिनतक्रार गेला त्यांनाही विचारलं. दोघांनी कागद वाचलाच नव्हता. तिसऱ्याचा मेहुणा बऱ्हाणपूरकडे निर्यातीचं काम करतो, त्याला विचारून त्याने कापणी केली. चौथ्याला पैशाची नड होती.

बैठकीतलं सगळ्यांत उपयोगाचं बोलणं त्यानंतर आलं आणि ते गटाच्या सभासदाचं नव्हतंच. नानांच्या घरातल्या काकू चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या. ‘प्रीमॅच्युअर’ शब्द ऐकून त्या थांबल्या. त्यांचा नातू आठव्या महिन्यात झालेला. म्हणाल्या, “डॉक्टरीनबाई म्हने, फुप्फुस मॅच्युअर नाही. मी म्हटलं, लहान आहे का? तं म्हने लहान-मोठ्याचा सवाल नाही, त्याले सोताच्या दमानं श्वास घेता येत नाही अजून.”

मी वही काढून ते वाक्य तिथेच लिहून घेतलं. शब्दकोशातल्या पहिल्या अर्थापेक्षा ही व्याख्या सरस आहे. वैद्यकशास्त्रात ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं मानतात. पण डॉक्टर जेव्हा फुप्फुस ‘मॅच्युअर’ झालं का बघतात, तेव्हा ते त्याची वाढ पुरी झाली का हे बघत नाहीत. फुप्फुसाची वाढ तर जन्मानंतरही पुढे काही वर्षं चालूच राहते. ते बघतात की आईपासून वेगळं झाल्यावर ते आपलं काम आपण करील का. केळ्याचंही अगदी तेच. झाडावरून उतरवल्यावर ते स्वतःच्या दमाने नीट पिकेल का?

शब्दाकडे पुन्हा

घरी येऊन मी जे आधी करायला हवं होतं ते केलं : हा शब्द फळांच्या शास्त्रात काय अर्थाने वापरतात ते पाहिलं. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सचं केळीसाठीचं मानक १९९७ सालचं आहे. त्यात शब्दप्रयोग आहे ‘फिजिऑलॉजिकल मॅच्युरिटी’, आणि अपेक्षा अशी की फळ वाहतूक सोसू शकेल आणि पुढे समाधानकारक पिकेल इतपत वाढलेलं असावं. रोख पुढे काय होईल यावर आहे. म्हणजे इथे ‘मॅच्युअर’ हा उंबरठा आहे. उंबरठा ओलांडला की काम झालं. घराच्या मागच्या भिंतीपर्यंत जायची गरज नाही. मी मात्र त्याचं मराठी ‘मागची भिंत’ असं केलं होतं.

इंग्रजीत ‘राइप’ आणि ‘मॅच्युअर’ असे दोन शब्द आहेत आणि फळबागेच्या भाषेत त्यांची वाटणी अगदी काटेकोर आहे. ‘राइप’ म्हणजे पिकलेलं, खायला तयार. ‘मॅच्युअर’ म्हणजे तोडायला तयार. हिरवंगार, दगडासारखं टणक केळं ‘मॅच्युअर’ असू शकतं आणि ‘राइप’ तर ते मुळीच नसतं. म्हणून कागदावरच्या त्या ओळीत मॅच्युअर, हिरवी आणि टणक ही तीन विशेषणं एकत्र नांदत होती. ‘राइप’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक शब्द. ‘मॅच्युअर’ लॅटिनमधून आला. लॅटिन ‘मातुरुस’चा अर्थ पिकलेला असा होता तसाच वेळेवरचा, लवकरचा असाही होता. त्याचं नातं पहाटेच्या मातुता देवीशी जोडतात, ‘मॅटिनी शो’मधला मॅटिनी हाही सकाळशी नातं सांगणारा, त्याच कुळातला. त्या भाषेत ‘मातुरारे’ या क्रियापदाचा पिकवणं हा अर्थ होताच, पण घाई करणं हाही होता! ज्या शब्दापायी आमच्या सात जणांनी वाट पाहिली, त्याच्या पोटात घाई होती, हे मला फार उशिरा कळलं.

उच्चाराचंही सांगून टाकतो. आपण ‘मॅच्युअर’ म्हणताना पहिल्या अक्षरावर बसकण मारतो. इंग्रज माणूस ‘म’ नुसता स्पर्शून जातो आणि जोर पुढच्या अक्षरावर देतो : मच्युअर. मराठीत लिहिताना ‘मॅ’ रूढ झालाय तर झालाय, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

हा उंबरठ्याचा नियम प्रत्येक पिकाला लागतो असंही नाही, आणि याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण केळं मॅच्युअर हवं आणि वांगं मॅच्युअर नको. बामणोदकडचं भरिताचं वांगं कोवळं, कमी बियांचं असतानाच तोडायचं असतं. ते वनस्पतीच्या हिशेबाने मॅच्युअर झालं, तर आत बिया कडक होतात, साल निबर होते आणि ते वांगं बियाण्यापुरतं उरतं. म्हणून शास्त्रात दोन वेगळ्या मॅच्युरिटी मानतात : झाडाच्या दृष्टीने एक आणि माणसाच्या गरजेच्या दृष्टीने दुसरी. भरिताचं वांगं दुसऱ्या अर्थाने मॅच्युअर, पहिल्या अर्थाने कोवळं. हे समजल्यावर मला माझ्या शब्दकोशाची थोडी कीवच आली.

माणसाला लावलं तर

या प्रकरणाला एक शेपूट आहे. ज्या पोराने फोनवर भाषांतर केलं होतं, त्याच्या बहिणीचा बायोडेटा इंग्रजीत करून द्यायचं काम त्याच आठवड्यात माझ्याकडे आलं. त्यात लिहिलेलं : ‘शी इज अ व्हेरी मॅच्युअर्ड गर्ल.’ आपल्याकडे हे वाक्य इतकं रुळलंय, की चूक आहे म्हटल्यावर घरच्यांना खरं वाटेना. इंग्रजीत माणसाला विशेषण लावायचं तर ‘मॅच्युअर’. ‘मॅच्युअर्ड’ हे मुरवलेल्या चीजला, वाइनला, मुदत भरलेल्या रोख्याला. माणसासाठी ते क्रियापद म्हणून येतं : ‘शी हॅज मॅच्युअर्ड’, तिला समज आली. बायोडेटातल्या वाक्यातली मुलगी इंग्रजी वाचकाला बरणीत घालून ठेवल्यासारखी वाटते.

पण ‘ड’ काढला म्हणून काम संपत नाही. लग्नाच्या किंवा मैत्रीच्या जाहिरातीत ‘अ मॅच्युअर वुमन’ म्हटलं, की वाचणारा आधी वयाचा अंदाज बांधतो. चाळिशी-पन्नाशी उलटली हे सभ्यपणे सांगायची ती रीत आहे. ब्रिटनमध्ये ‘मॅच्युअर स्टुडंट’ म्हणजे समंजस विद्यार्थी नव्हे, तर उशिरा शिकायला आलेला. पदवीला प्रवेश घेताना वय २१ किंवा जास्त असलं, की तो मॅच्युअर, मग तो कितीही पोरकट असो. भारतातल्या इंग्रजीत तर मुलगी ‘मॅच्युअर’ झाली याचा अर्थ वयात आली असाही घेतात. तेव्हा बावीस वर्षांच्या मुलीच्या बायोडेटात हा शब्द कुणाला कुठे नेईल याचा भरवसा नाही. मी तिथे ‘सेन्सिबल’ लिहिलं. तिच्या आईला ते जरा कमी वाटलं. मी म्हटलं, “काकू, मराठीत काय म्हणाल?” त्या म्हणाल्या, “समजदार.” मग इंग्रजीतही समजदारच राहू दे.

आणखी एक वापर जाता जाता. उद्योगधंद्याच्या बातम्यांत ‘मॅच्युअर मार्केट’ वाचलं, की कौतुक समजू नये. वाढ थांबलेला बाजार असा तो अर्थ आहे. तिथे पुन्हा मागची भिंत. म्हणजे हा शब्द दोन्हीकडे ओढतो. रोखा आणि बाजार यांच्याबाबतीत शेवटाकडे. फळ, फुप्फुस आणि माणूस यांच्याबाबतीत, पुढचं स्वतःचं स्वतः निभावता येईल अशा सुरुवातीकडे. मराठीत याला एकच प्रतिशब्द शोधणं हाच मुळात माझा हट्ट होता. लोणचं आणि राजकारणी मुरतो, माणूस पोक्त होतो (हा शब्द फारसीतल्या ‘पुख्ता’वरून आला, तोही शिजण्या-पिकण्याचाच), मुदत भरते, झाड मोठं होतं, वांगं निबर होतं. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळते.

नवी ओळ कशी ठरली

गटाला पुढच्या मालासाठी नवा कागद हवा होता. या वेळी मी शब्दकोश घरी ठेवला आणि शेतात गेलो. मी सहा शब्द वहीत लिहून नेले होते. एकेक शब्द म्हणायचा आणि समोरच्याला बागेतला घड दाखवायला सांगायचं. कुणाला अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारला की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बोलतात.

‘पक्व’ म्हटल्यावर दोघांनी बागेत न बघता घरातल्या पिवळ्या केळ्यांकडे हात केला. बरोबरच आहे, पक्व म्हणजे पिकलेलं. पुस्तकी मराठीत ‘परिपक्व’ म्हणतात ते शास्त्रीय लेखांत चालतं, पण बागेत त्याला कुणी घडच दाखवेना, एक जण म्हणाला, “परिपक्व मानूस असतो.” ‘जून’ म्हटल्यावर सगळ्यांची बोटं अति भरलेल्या, गोल झालेल्या घडाकडे गेली, म्हणजे नेमका नको तो घड. ‘तयार’ या शब्दावर माझी मदार होती. त्याला सगळ्यांनी लगेच घड दाखवले, पण प्रत्येकाने वेगळा. तयार कशासाठी, ते ज्याच्या त्याच्या गिऱ्हाइकावर.

‘पाडाची’ हा शब्द मला मनातून फार आवडत होता. आंबा पाडाला आला म्हणजे आता उतरवला तरी आढीत नीट पिकेल. ‘मॅच्युअर’ला याहून चपखल मराठी शब्द नाही. पण तो आंब्याचा. झाडावर एखादं फळ पिकून खाली पडतं, त्यावरून पाड लागल्याचं कळतं. विकायच्या केळीच्या बागेत घड झाडावर पिकू देतच नाहीत, मग पाड कुठला? नानांनी ऐकून मान हलवली आणि म्हणाले, “शब्द चांगला आहे, पण केळीले उसना वाटते.” मी तो सोडून दिला. अजूनही मनातून गेलेला नाही.

शेवटी नाना वैतागले. “सर, घड पाऊन भरला का गोल भरला, येवढं सांगा नं. तुमची ती वाढ घेऊन काय करू?”

‘पाऊण भरलेली’ म्हटल्यावर सहापैकी पाच जणांनी त्याच त्या दोन घडांकडे बोट दाखवलं. सहावा आणखी थोडा पुढे गेला, पण त्याच ओळीत. मी जवळ जाऊन पाहिलं. त्या केळ्यांच्या कडा गोल होत आलेल्या, पण पुसल्या गेलेल्या नव्हत्या. हाताला अजून त्यांची धार लागत होती. गोल भरलेल्या घडात कडा उरत नाहीत, केळं नळीसारखं होतं. ही कड म्हणजेच सगळं प्रकरण. डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि तिला मुदत भरण्याशी काही देणंघेणं नाही.

नव्या कागदावरची ओळ अशी झाली : ‘घड पाऊण भरला, कडा बोथट झाल्या पण पुसल्या नाहीत, की टोळी बोलवा. गोल भरू देऊ नका. कॅलिपरचा आकडा खालच्या आणि वरच्या मर्यादेत हवा, दुसरं पान पाहा.’ मूळ इंग्रजीत त्या ओळीत मोजून सहा-सात शब्द होते. माझी विद्यार्थी-मंडळी परीक्षेत असं भाषांतर लिहितील तर मी मार्क कापीन, हेही कबूल करतो. मूळ वाक्यात नसलेला उंबरठा आणि नसलेली भिंत मी दोन्ही घातल्या आहेत. पण मूळ वाक्य लिहिणाऱ्याला त्या दोन्ही ठाऊक होत्या आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असतील असं त्याने गृहीत धरलं होतं. त्याचा वाचक त्याच्याच धंद्यातला होता. माझा वाचकही केळीतलाच, पण मी मध्ये आलो तो शब्दकोशातून.

पुढची कापणी पावसाळ्याच्या तोंडावर झाली. त्या वेळी वादळाने दोन बागा आडव्या केल्या, त्यामुळे किती माल कागदामुळे वाचला आणि किती वाऱ्यामुळे गेला याचा हिशेब लावता येत नाही. वरच्या मर्यादेपलीकडे गेलेले घड मात्र त्या खेपेला मोजकेच निघाले.

टोळीबरोबर आलेल्या कंपनीच्या माणसाने भिंतीवरचा नवा कागद वाचला. त्याला मराठी येत होतं. ‘पाऊण भरला’पाशी येऊन तो हसला आणि म्हणाला, “हे तर आमचंच. केळीच्या व्यापारात सगळीकडे थ्री-क्वार्टर म्हणतात, लाइट थ्री-क्वार्टर, फुल थ्री-क्वार्टर.”

मी विचारलं, मग त्या दोन पानांत मॅच्युअर का लिहिलं होतं?

“ऑफिसातून आलं तसं पाठवलं,” तो म्हणाला. “कागदावर बरं दिसतं नं सर.”